गाडीचा ऑफ सीझन

सुनेनं गाडीला ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि नातवंडं दारं उघडून आत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूरला निघायचं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी मुलाकडून किल्ली मागून घेतली आणि म्हणालो, "तीन आठवडे ही गाडी कुठंही जाणार नाही."

"आप्पा, चालू गाडी आहे. भिगवणहून इथवर मीच आणली की. आवाज नाही, धूर नाही," मुलगा म्हणाला.

"चालू आहे तोवरच उघडून बघायची," मी म्हणालो.

मी चौतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो. आधी मिल विभागात, मग बॉयलरवर. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे कारखाने आहेत, आणि सगळ्यांचं वर्ष एकाच पद्धतीनं फिरतं. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग उसाची पहिली मोळी, मग चार-पाच महिने रात्रंदिवस गाळप. गाळप संपलं की आदल्या रात्रीपर्यंत ठणठणीत चाललेली मिल आम्ही उघडायचो. रोलर बाहेर काढायचे, बेअरिंगचे ब्रास तपासायचे, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या, पाण्याच्या दाबावर चाचणी घ्यायची, बॉयलर निरीक्षकाचा दाखला मिळवायचा. "चालू आहे, मग कशाला उघडता?" असं तिथं कुणी विचारत नाही. हंगामात मिल बंद पडली तर गेटपासून रस्त्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग उभी राहते आणि ऊस वाळतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही त्या दिवसांना ऑफ सीझन म्हणतो. आमच्या घरी २०२४ च्या मे महिन्यात आलेली गाडी बारा वर्षं जुनी आणि मीटरवर २,१८,००० किलोमीटर झालेली होती. तिला असा ऑफ सीझन कधी मिळालाच नव्हता.

गाडी फोर्च्युनर. पांढरी, २०१२ चं पासिंग, पाटी आपल्याच एमएच ४२ ची. आमच्या भागात या गाडीचं काय वजन आहे ते वेगळं सांगायला नको. पालखी मार्गावरच्या कुठल्याही हॉटेलसमोर दोन तरी उभ्या दिसतात. नवी डिझेल घ्यायची म्हटली तर तेव्हा चाळीस लाखांच्या पुढं जात होती. डाळिंबाच्या दोन चांगल्या बहारांवर तेवढी झेप घेणं मला पटत नव्हतं. मुलानं ९ लाख ६० हजारांत ही ठरवली. मी एकच अट घातली: किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम बँकेत बाजूला असेल तरच व्यवहार, आणि ती रक्कम सीट कव्हरला किंवा टेपला लागणार नाही.

फोर्च्युनर भारतात २००९ साली आली. कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यात ती बनते. ती बनवणाऱ्या कंपनीच्या नावातलं किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांच्या घराण्याचं, ज्यांनी १९१० मध्ये सांगलीकडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आणि मोटारीचं नातं आमच्या इंदापूर तालुक्याशी त्याहून जवळचं आहे. ज्यांच्या नावानं वालचंदनगर उभं आहे त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईच्या रस्त्यांवर पुढं कित्येक वर्षं काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून धावलेल्या पद्मिनी गाड्या त्याच कंपनीच्या. माझ्या बरोबरीचे काही फिटर वालचंदनगरच्या शॉपमध्ये शिकले. उघडलेल्या यंत्राचा एकेक नट क्रमानं फडक्यावर मांडायची त्यांची सवय मी त्यांच्याकडूनच उचलली.

मुलानं आधी दिल्लीची एक गाडी पाहिली होती. दीड लाखानं स्वस्त आणि रनिंग कमी. दिल्लीच्या गाड्या का स्वस्त पडत होत्या ते वाचकांनी समजून घ्यावं. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्यामुळं तिथल्या बड्या डिझेल गाड्यांचा भाव पडला आणि दलाल त्या आपल्याकडं आणू लागले. पण तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, इथला कर, नवी नोंदणी, दोन्हीकडचे हेलपाटे, हे सगळं धरलं की ती दीड लाखाची बचत बरीच आटते. कोकणातली किंवा गोव्याची गाडी असेल तर आणखी एक पाहायचं. फोर्च्युनरला ट्रकसारखी चासी असते. समुद्राच्या हवेनं चासीला आतून गंज धरतो आणि वरच्या चकचकीत रंगावरून त्याचा पत्ता लागत नाही. गाडी रॅम्पवर चढवून हातोडीनं हलकं ठोकलं की कळतं. आवाज खणखणीत यायला हवा.

आमच्या गाडीची चासी चांगली होती. कागद मात्र अर्धेच होते. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढून घेतल्या. २०१२ पासून ऑगस्ट २०१७ पर्यंत सगळं नीट होतं आणि शेवटची नोंद १,१२,६४० किलोमीटरला. त्यानंतर पावणेसात वर्षं कोरी. आता हिशेब करा. पहिल्या साडेपाच वर्षांत वर्षाला साधारण २०,५०० किलोमीटर पडले. त्याच चालीनं गाडी २०२४ मध्ये अडीच लाखांवर असायला हवी होती, आणि मीटर २,१८,००० दाखवत होता. करोनाच्या दोन वर्षांत गाडी उभी राहिली असेल किंवा मीटर मागं फिरवला असेल. क्लचच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालेलं होतं आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड फाटून शिवलेली होती. मी मालकाशी वाद घातला नाही. शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: "ही गाडी २,५०,००० चाललेली आहे असं धरून काम करायचं." जुनी गाडी घेणाऱ्यानं संशयाचा फायदा नेहमी झिजेला द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

बारामतीत ज्या मिस्त्रीकडं मी गाडी नेली तो आयटीआय केलेला, आधी एमआयडीसीत कामाला होता. बारामतीची एमआयडीसी म्हणजे पियाजिओच्या तीनचाकी आणि भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट जिथं बनतात ती. तिथं हात बसलेली पोरं पुढं स्वतःची गॅरेजं टाकतात. त्याचा चांगला फायदा आमच्या भागाला झाला आहे, कारण टॉर्क रेंच लावून नट आवळणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळणं सोपं नसतं. तो मला म्हणाला, "काका, काय काय करायचंय ते सांगा." मी म्हणालो, "आधी काही करायचं नाही. आधी पाणी बघू."

बॉयलरवर काम केलेला माणूस पाण्यापासूनच सुरुवात करतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. ही गोष्ट गरम इंजिनावर कधीही करू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आत गुलाबी कूलंट असायला हवं होतं. तिथं गढूळ तांबूस पाणी होतं, आणि झाकणाच्या आतल्या कडेला चुन्यासारखा पांढरा थर. कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आलं होतं. आमच्या कालव्याच्या पट्ट्यात कित्येक जमिनी खारवटल्या आहेत, बोअरला क्षाराचं पाणी लागतं, हंड्याच्या बुडाला त्याचा थर रोज दिसतो. बॉयलरच्या नळीत असा पातळ थर जरी बसला तरी आच पाण्यापर्यंत पोचत नाही आणि नळी जळून फुटते. म्हणून कारखान्यात पाण्याचा जडपणा रोज तपासतात. गाडीच्या इंजिनातही पाणी तेच काम करतं, फक्त नळ्या बोटाहून बारीक. आम्ही रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, आतलं सगळं शुद्ध पाण्यानं तीनदा धुतलं आणि कंपनीनं सांगितलेलं कूलंट भरलं. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी, अशी समजूत आहे. त्यातली द्रव्यं गंज थांबवतात आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतात.

त्याच कामात आणखी एक गोष्ट सापडली. थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. आपल्याकडं उन्हाळ्यात गाडी तापायला लागली की काही जण हा भाग काढून फेकून देतात आणि गाडी तापायची थांबली म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. इंजिन ठराविक तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणं हे थर्मोस्टॅटचं काम. तो नसला की इंजिन कायम थंडगार चालतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये कच्चं डिझेल उतरतं आणि झीज वाढते. हायवेला पाऊण तास चालवूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर आधी हा संशय घ्या. मूळ दुखणं रेडिएटरमधल्या क्षाराचं होतं, आणि उपाय म्हणून थर्मोस्टॅट गेला.

मग टायमिंग बेल्ट. २००९ ते २०१६ मधल्या तीन लिटरच्या फोर्च्युनरला दातेरी पट्टा असतो. २०१६ च्या अखेरीस आलेल्या २.८ लिटरच्या इंजिनाला साखळी आहे. क्रँकची आणि वरच्या व्हॉल्व्हची फेरी हा पट्टा जुळवून ठेवतो. तो तुटला तर पिस्टन वर येताना उघडे व्हॉल्व्ह वाटेत सापडतात आणि इंजिनाचा वरचा भाग एका क्षणात मोडतो. वापराप्रमाणे एक ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान तो बदलायचा असतो आणि वेळ झाली की डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. आमच्या गाडीत दिवा लागलेला नव्हता, म्हणून मुलगा निर्धास्त होता. पण दिवा पट्टा पाहत नाही, तो फक्त किलोमीटर मोजतो, आणि पट्टा न बदलताही तो विझवता येतो. आम्ही कव्हर उघडलं. पट्ट्याच्या पाठीवर आडव्या बारीक चिरा पडल्या होत्या. त्यानं आणखी दहा हजार काढले असते किंवा तुळजापूरच्या वाटेवर सोडून दिलं असतं. पट्टा, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप सगळं एकदम बदललं. २१,००० रुपये लागले.

पण या गाडीनं मला खरं शिकवलं ते इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये. इथं जरा थांबतो, कारण तीन लिटरची जुनी फोर्च्युनर घेणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना हे कुणी सांगत नाही.

प्रत्येक यंत्राची एक दुखरी जागा असते. या इंजिनाची जागा म्हणजे नोझलखालचा तांब्याचा वॉशर. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षाही लहान. नोझल, म्हणजे इंजेक्टर, सिलिंडरमध्ये प्रचंड दाबानं डिझेलचा फवारा मारतं, आणि जळणाऱ्या वायूनं नोझलच्या कडेनं वर येऊ नये म्हणून खाली हा वॉशर बसवलेला असतो. तो झिजणारी वस्तू आहे, मिलच्या पॅकिंगसारखी. ठराविक रनिंगनंतर बदलायचीच. नाही बदलली तर वायू वर झिरपतो, व्हॉल्व्ह कव्हरच्या आत ऑइलमध्ये मिसळतो आणि ऑइलची काजळी होते. डांबरासारखी. ही काजळी हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरते. तिथं ऑइल पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. काजळी त्या जाळीवर बसत जाते. ऑइल पातळी दांडीवर पूर्ण दिसते, ऑइल नवं असतं, पण पंपाला ते ओढताच येत नाही. क्रँकची बेअरिंगं कोरडी पडतात. ऑइलचा लाल दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळ गेलेली असते. मग पाच-सहा लाखांचं इंजिनकाम, आणि मालक म्हणतो, ऑइल तर मी वेळेवर बदलत होतो.

मिलच्या बेअरिंगला ऑइल देणाऱ्या पंपाची जाळी आम्ही ठरलेल्या दिवशी उघडून धुवायचो. नव्या मुलाला पहिलं काम तेच. त्यामुळं मिस्त्रीनं मोबाइलला वायरचा बारीक कॅमेरा जोडला आणि ऑइल काढल्यावर ड्रेनच्या भोकातून आत घातला, तेव्हा पडद्यावर काय दिसतंय ते मला लगेच ओळखू आलं. जाळीचा निम्मा भाग काळा. बोट लावलं असतं तर खपली निघाली असती.

"काका, उतरवू या का चेंबर?"

"उतरव."

चेंबर खाली आला, जाळी धुतली, चारी नोझल काढली. चारांपैकी दोन वॉशरांच्या कडेला काजळीची वाट स्पष्ट उमटलेली होती. नोझल इंदापूर रोडच्या डिझेल पंपवाल्याकडं बेंचवर लावून तपासली. दोन ठीक निघाली, दोनांचा फवारा विस्कटलेला. ती दोन नवी घातली, ५६,००० रुपये. वॉशर, सील आणि चेंबरच्या कामाला १४,०००. घरी बसल्या काय बघता येतं तेही सांगतो. सकाळी थंड गाडी एका सेल्फला उठते का ते पाहा. आयडलला नोझलच्या बाजूनं फुस्स-फुस्स असा आवाज येतो का ते ऐका. आणि इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण जपून सैल करा. तिथून धुराचे ठोके येत असतील तर त्या दिवशी गाडी गावाबाहेर काढू नका.

खालची कामं त्या मानानं साधी, पण दुर्लक्षित. ही गाडी कायम चारी चाकांवर चालणारी आहे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सखेरीज ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल, तिन्ही ठिकाणी स्वतंत्र ऑइल. मागच्या डिफरन्शियलमधून ऑइल काढलं तर ते चहाच्या रंगाचं, दुधाळ निघालं. पाणी गेलेलं होतं. गाडी आधी भिगवणकडं होती, उजनीच्या फुगवट्याच्या काठानं कुणीतरी ती चाकं बुडेपर्यंत पाण्यात घातली असणार. तिथं रोहित पक्षी बघायला हिवाळ्यात गर्दी होते आणि काठाच्या चिखलात मोठ्या गाड्या उतरवायची हौस अनेकांना असते. पाण्यात गाडी घातली असेल तर त्याच आठवड्यात डिफरन्शियलचं ऑइल बघा. प्रॉपेलर शाफ्टला ग्रीसचे निपल असतात. आमच्या गाडीत ते मातीनं बुजून दिसेनासे झाले होते.

टायर पुढं एका कंपनीचे आणि मागं दुसरीचे, नक्षीही कमी-जास्त झिजलेली. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे एक वेळ खपतं. कायम चारी चाकं ओढणाऱ्या गाडीत टायरचा घेर वेगळा असला की ट्रान्सफर केसमधलं डिफरन्शियल दिवसभर तो फरक भरून काढत बसतं आणि झिजतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३५१७ असेल तर तो २०१७ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. आमच्या स्टेपनीवर तेच होतं. रबर वरून काळंभोर दिसत होतं, वाकवलं की चिरा उघडायच्या. २६५/६५ आर १७ मापाचे पाच नवे घेतले, ७४,००० रुपये. मुलाला ही रक्कम फार खटकली. पण दोन टन वजनाची गाडी सोलापूर हायवेला शंभरनं जाते तेव्हा रस्त्याला टेकलेलं असतं ते चार तळहातांएवढं रबर, आणि त्यावर माझी नातवंडं बसलेली असतात.

ब्रेक ऑइल हे हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. आमचं काळ्या कॉफीच्या रंगाचं होतं. अशा ऑइलवर सपाटीला ब्रेक उत्तम लागतो. सासवडहून पुण्याकडं जाताना दिवे घाट उतरायला लागलात, ब्रेक तापले की त्यातली ओल वाफ होते आणि पायटा खाली बसत जातो. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, पुढचे शॉकअप बदलले.

सगळं मिळून २ लाख ३८ हजार झाले. म्हणजे किमतीचा चौथा हिस्सा, जवळजवळ नेमका. माझा अंदाज बरोबर आला याचा मला आनंद नाही. आधीच्या मालकानं सात वर्षांत जे थोडंथोडं खर्च करायला हवं होतं ते मी तीन आठवड्यांत केलं.

ऑफ सीझन संपला आणि गाडी तुळजापूरला जाऊन आली. त्यानंतरची गोष्ट म्हणजे रोजची निगा. यात मी एक बदल केला आहे, तो इतरांनीही करून बघावा. ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो. अडीचशे तास झाले की आपण ऑइल बदलतो, किलोमीटर कुणी विचारत नाही. मोटारीला फक्त किलोमीटरचा मीटर. ताशी सरासरी चाळीसच्या चालीनं अडीचशे तासांत दहा हजार किलोमीटर होतात, म्हणजे दहा हजाराला ऑइल हा हिशेब चालत्या गाडीसाठी बरोबरच आहे. पण आमच्याकडची फोर्च्युनर चालते किती आणि उभी राहते किती? लग्नाच्या मांडवाबाहेर, तहसीलसमोर, कारखान्याच्या सभेला, निवडणुकीत तर दिवसभर, एसी लावून इंजिन चालू. मीटर तसाच, आणि इंजिनाचे तास वाढत जातात. म्हणून आमच्या वहीत आता उभ्याचे तासही अंदाजानं लिहिले जातात आणि ऑइल दर पाच हजारांना बदललं जातं. साधारण सात लिटर लागतं. मुलगा चिडचिड करायचा, आता स्वतःच लिहितो.

दुसरं, एअर फिल्टर. जो शेतकरी ट्रॅक्टरचा फिल्टर दर आठवड्याला बघतो आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी सकाळी सोडतो, तोच माणूस लाखो रुपयांच्या गाडीचं बोनेट सहा-सहा महिने उघडत नाही. रस्ता दोघांचा एकच. गाळपाच्या दिवसांत निमगाव केतकी, शेळगाव, अंथुर्णे या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांनी इतकी माती उडते की मागची गाडी दिसत नाही. फिल्टर काढून हवा मारायची तर आतून बाहेर, आणि दाब कमी ठेवून. बाहेरून जोरात मारली तर धूळ कागदात घुसते, कागद फाटला तर टर्बोच्या पात्यांवर जाते. लांबून आल्यावर इंजिन एखादं मिनिट आयडलला ठेवून मगच बंद करायचं तेही टर्बोसाठीच. त्याच्या बेअरिंगला गरम असताना ऑइल मिळायला हवं.

आणि उंदीर. ऊस तुटला की शेतातले उंदीर घराकडं सरकतात आणि गरम इंजिनाखाली मुक्काम करतात. गेल्या फेब्रुवारीत आमची एका नोझलची वायर कुरतडली, गाडी तीन सिलिंडरवर आली. आता गाडी वैरणीच्या शेडपासून लांब लावतो, रात्री बोनेट उघडं ठेवतो आणि खालून बारीक जाळी बसवली आहे. तंबाखूची पानं ठेवायचा उपाय सगळे सांगतात, मी करून पाहिला, पानं सुकली की उंदीर परत येतात.

कागदांचं थोडक्यात. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरल्याचा फॉर्म ३५. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्ता वाढलेला दिसला तर दचकू नका. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा पाटी बसली आहे का तेही बघा. आमच्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतील, तेव्हा तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. मी त्याचे पैसे आत्तापासून बाजूला काढतो आहे. आणि कुणी २०२० नंतरची, बीएस ६ ची जुनी गाडी घेत असेल तर तिच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आहे हे लक्षात ठेवा. ती काजळी जळायला सलग वेगात धावावं लागतं. घर ते बाजार समिती एवढाच फेरा असेल तर तो फिल्टर चोंदतो. आठवड्यातून एकदा इंदापूरहून टेंभुर्णीपर्यंत हायवेला जाऊन या.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीनं पुन्हा ड्रेनमधून कॅमेरा घातला. जाळी स्वच्छ आहे, तारेची वीण मोजता येईल इतकी. मीटर २,४१,३०० वर आहे, वहीत २,७३,३०० लिहिलंय. पुढच्या उजव्या एक्सलच्या सीलमधून ऑइल पाझरायला लागलं आहे आणि मागच्या एसीच्या पाइपाला जोडाजवळ ओल दिसते. मुलानं वहीत दोन्हीची नोंद केली आणि खाली लिहिलं: "हंगाम संपल्यावर, उघडून."